तासाला शिकलेलं मधल्या सुट्टीत जातं कुठं?

पत्र असं आहे:

“मी चौथीची वर्गशिक्षिका. वर्गात ४२ मुलं. यंदा शाळेने आठवड्यातला एक तास सामाजिक आणि भावनिक कौशल्यांसाठी ठेवला आणि तो माझ्याकडे आला. मी तो मनापासून घेते. भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता आहे, ‘मला राग आला, कारण…’ अशी वाक्यं मुलांना पाठ आहेत, दीर्घ श्वास घ्यायलाही सगळे शिकलेत. पण गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत, आउट आहे की नाही यावरून एकाने दुसऱ्याला ढकललं. पडला त्याचं कोपर सोललं. मी ओरडले आणि दोघांना एकमेकांना सॉरी म्हणायला लावलं. नंतर ढकलणारा मुलगा मला म्हणाला, ‘बाई, मला कळलं होतं की मला राग आलाय. मी त्याला सांगितलं पण. मग ढकललं.’ मला काय बोलावं सुचेना. दुसरं म्हणजे, वर्गातल्या एका मुलीला कुणी खेळायला घेत नाही. ‘मैत्री कशी करावी’ यावर तासाला तीच सगळ्यांत छान बोलते! आणि तिसरं, खरं सांगायचं तर मीच रोज एकदा तरी मुलांवर ओरडते, आणि त्यांनाच रागावर ताबा ठेवायला शिकवते. हा तास गणिताला देऊन टाकावा का?”

बाई,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून मुलं म्हणतात तशीच हाक मारते.

त्या मुलाच्या वाक्याने तुम्हाला हरल्यासारखं वाटलं. मी ते तीनदा वाचलं आणि मला आनंद झाला. नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाने काय सांगितलं बघा: राग आला हे मला कळलं, ते मी शब्दांत सांगितलं, मग हात उचलला. बहुतेक मुलांकडे, आणि पुष्कळ मोठ्यांकडेही, यातल्या पहिल्या दोन गोष्टी नसतातच. थेट हात उठतो, आणि नंतर विचारलं की उत्तर येतं, “त्यानेच आधी केलं.” तुमच्या मुलाने तसं म्हटलं नाही. त्याने स्वतःहून येऊन, क्रमवार, खरं सांगितलं. इतकं तुमच्या तासाने केलेलं आहे.

राहिलं ते पुढचं. त्याने राग सांगितला, समोरच्याने ऐकलं नाही, आणि सांगूनही ऐकलं नाही तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ‘मला राग आला, कारण…’ हे वाक्य समोरचा ऐकून घेणार असं गृहीत धरून शिकवलं जातं. तासाला समोरचा ऐकतो, कारण तुम्ही उभ्या असता. मैदानावर समोरच्यालाही राग आलेला असतो.

भावनेला नाव दिलं की तिचा जोर कमी होतो, असं तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं असेल. त्याला आधार आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधल्या प्रयोगात, चिडलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो बघताना त्या भावनेचं नाव निवडलं की मेंदूतल्या अमिग्डला या, भीती-रागाशी संबंधित भागाची हालचाल मंदावलेली दिसली. पण ती मोठी माणसं होती, मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात शांत पडून फोटो बघत होती, त्यांना कुणी ‘तू आउट’ म्हणालेलं नव्हतं. मेंदूचा पुढचा भाग, जो थांबायला आणि पुढचा विचार करायला लावतो, तो पूर्ण पक्व व्हायला विशीच्या मध्यापर्यंत वेळ लागतो. तेव्हा राग टिपेला असताना चौथीतल्या मुलाकडून शहाणपणाची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्या क्षणी त्याला नवं काही शिकवताही येत नाही. शिकवता येतं त्याच्या आधी, शांत असताना, आणि त्याच्या नंतर, राग ओसरल्यावर.

मला तुम्हाला सांगायचंय ते हेच. तुमचा तास म्हणजे आधीचा अर्धा भाग. भांडणानंतरची पाच-दहा मिनिटं म्हणजे दुसरा अर्धा. तो अर्धा तुम्ही ओरडण्यात आणि सॉरी म्हणून घेण्यात घालवलात, आणि हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. ४२ मुलं, एकाचं कोपर सोललेलं, घंटा वाजायला आलेली, अशा वेळी बहुतेक जण हेच करतात. मीही वर्षानुवर्षं केलं. पण मुलं या विषयातलं खरं शिक्षण घेतात ते त्या वेळेतच.

आता गणिताचं. तास देऊ नका. भावनिक-सामाजिक शिक्षणाच्या शालेय कार्यक्रमांचा एक मोठा एकत्रित आढावा जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. २१३ कार्यक्रम, २,७०,०३४ विद्यार्थी, बालवाडीपासून बारावीपर्यंतचे. कार्यक्रम मिळालेल्या मुलांचं वागणं तर सुधारलेलं दिसलंच, शिवाय अभ्यासातही सरासरी ११ शततमकांची भर दिसली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध असणारं मूल, खालून मोजलं तर, साधारण एकसष्टाव्या जागेवर जाईल, इतकी. त्यातली एक बाब तुमच्यासाठी महत्त्वाची: अभ्यासातली ही सुधारणा दिसली ती शाळेतल्याच शिक्षकांनी कार्यक्रम घेतला तिथे. बाहेरून कुणी येऊन शिकवून गेलं तिथे ती तशी दिसली नाही. मला याचं कारण उघड वाटतं. बाहेरून आलेला माणूस मधल्या सुट्टीत तिथे नसतो. तुम्ही असता.

याच आढाव्यात हेही दिसलं की टप्प्याटप्प्याने शिकवणारे, मुलांना प्रत्यक्ष करायला लावणारे, पुरेसा वेळ देणारे आणि नेमकं कौशल्य ठरवून ते शिकवणारे कार्यक्रम अधिक उपयोगी पडले. तक्ता आणि पाठांतर यात बसत नाही, हे तुम्हालाही जाणवलंच आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हल्ली या विषयाला कुणी नाही म्हणत नाही आणि ते मला बरं वाटत नाही. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांत आणि ८,००० हून अधिक मुलांवर, अकरा वर्षांपुढच्या, वर्गात सजगतेचे (माइंडफुलनेसचे, म्हणजे या क्षणी काय चाललंय याकडे शांतपणे लक्ष देण्याचे) धडे देऊन पाहिले. २०२२ मध्ये निकाल आले: ज्या शाळांत नेहमीचंच शिक्षण चालू होतं त्यांच्यापेक्षा या मुलांचं मानसिक आरोग्य काही चांगलं झालं नाही. घरी सराव बहुतेकांनी केलाच नव्हता. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातून हजाराहून अधिक किशोरवयीन मुलांवरचा अभ्यास आला. आठ आठवडे त्यांना भावना सांभाळण्याची तंत्रं शिकवली होती. कार्यक्रमानंतर त्यांची चिंता आणि उदासी थोडी वाढलेली दिसली, आणि आईवडिलांशी नातं आधीपेक्षा बिघडल्याचं मुलांनी स्वतः सांगितलं. ज्यांनी घरी जास्त सराव केला त्यांची स्थिती त्यातल्या त्यात बरी होती.

मी यातून घेते ते असं. मुलाला मनात बघायला शिकवलं आणि तिथं सापडलेल्या गोष्टीचं काय करायचं हे दिलं नाही, तर ओझं वाढू शकतं. तुमचा मुलगा नेमका तिथेच उभा आहे. राग दिसला, हातात काही नाही.

मग त्याच्या हातात काय द्यायचं?

आधी भांडणानंतरच्या वेळेबद्दल, कारण तिथं सगळ्यांत जास्त मिळतं. भांडण झालं की पहिलं काम दोघांना वेगळं करणं आणि लागलं असेल तिथं औषध लावणं. बोलणं नको. “आत्ता आपण बोलणार नाही. दोघंही शेवटच्या तासाआधी माझ्याकडे या,” इतकंच. हे टाळणं आहे असं मुलांना वाटणार नाही, फक्त तुम्ही खरोखर बोलवलं पाहिजे. एकदा विसरलात तर पुढच्या वेळी त्यांचा विश्वास राहत नाही.

बोलवल्यावर “का मारलंस?” हा प्रश्न विचारूच नका, असं मी सांगेन. त्याचं खरं उत्तर मुलाला माहीत नसतं, त्यामुळे तो एक तर गप्प बसतो किंवा स्वतःचा बचाव रचतो. “काय झालं?” विचारा. मग “त्याच्या आधी काय झालं?” मग “आणि त्याच्याही आधी?” असं मागे मागे जा. एक मूल बोलत असताना दुसऱ्याने ऐकायचं, आणि मग ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. “तो काय म्हणाला?” हे दुसऱ्याला विचारलं की पहिल्याचा चेहरा बघा. आपलं म्हणणं समोरच्याच्या तोंडून ऐकलं की खांदे उतरतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याची वाटच बघते.

तुमच्या प्रसंगात कदाचित असं निघेल. तो आउट नव्हता असं त्याला खरंच वाटत होतं. त्याने सांगितलं. समोरचा हसला. बाकीचेही हसले. ढकलणं त्या हसण्यावर होतं, आउट असण्यावर नव्हतं. मी अंदाज करतेय, तुमच्या वर्गात वेगळंही असेल. पण तो हसण्याचा क्षण सापडल्याशिवाय तुम्ही त्याला जे शिकवाल ते चुकीच्या जागेसाठी असेल. राग आला होता हे त्याला ठाऊक होतं; सगळ्यांसमोर लाज वाटली हे कदाचित ठाऊक नव्हतं. मुलांचा निम्मा राग लाजेचा असतो, आणि चेहऱ्यांच्या तक्त्यावर लाजेचा चेहरा क्वचितच असतो. तुमच्या तक्त्यावर नसेल तर काढा.

मग सॉरीचं. मिशिगन विद्यापीठात ४ ते ९ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोठ्यांनी बळेच म्हणायला लावलेल्या सॉरीने दुखावलेल्याला बरं वाटत नाही, असं मोठी मुलं, म्हणजे सात ते नऊ वर्षांची, स्पष्ट सांगत होती. चौथीतल्या मुलांना हे अर्थात कळतं. ज्याला लागलं त्याला तर विशेष कळतं, शिवाय तुम्ही त्यालाही सॉरी म्हणायला लावलंत. बाई, हे मला खटकलं. त्याचं कोपर सोललं होतं. दोघांना सारखंच धरलं की आपल्याला न्याय केल्यासारखं वाटतं. पडलेल्याला मात्र आपल्याला दोनदा ढकललं असं वाटतं. तो हसला असेल तर त्याच्यापाशीही बोलायचं आहे, पण ते वेगळं, आणि त्याचं ढकललं जाणं मान्य केल्यानंतर.

सॉरीच्या जागी भरपाई विचारा. “आता तू काय केलंस तर त्याला बरं वाटेल?” ढकलणाऱ्याला विचारायचं आणि मग दुसऱ्याला, “चालेल का तुला?” मुलं अफलातून उत्तरं देतात. एका मुलाने मला सांगितलं होतं, “मी त्याचं दप्तर आठवडाभर उचलीन.” दुसरा म्हणाला, “दप्तर नको, मला उद्या पहिली बॅटिंग दे.” पाच मिनिटांत दोघे निघून गेले. सॉरी त्यांनी जाता जाता, दारापाशी, आपणहून म्हटलं.

शेवटी एक वाक्य बांधून घ्या, आणि ते मुलानेच बांधायचं: “पुढच्या वेळी असं झालं, तर मी…” मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं की ‘मी नीट वागेन’ अशा नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडलं तर मी तमुक करेन’ असं आधीच ठरवून ठेवलं की ते प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते. कारण साधं आहे: ऐन वेळी विचार करावा लागत नाही, प्रसंग दिसला की ठरलेली कृती आठवते. “मी रागावणार नाही” हे वाक्य स्वीकारू नका. राग येणारच. “कुणी हसलं तर मी चेंडू खाली ठेवीन आणि भिंतीपाशी जाईन,” हे चालेल. त्यात हाताला आणि पायाला काम आहे. ते वाक्य तुमच्या पुढच्या तासाचा विषय. नावं न घेता, वर्गाने तो प्रसंग उभा करायचा, कुणीतरी हसायचं, कुणीतरी चेंडू खाली ठेवून चालत जायचं. तीन-चारदा, उभं राहून, अंगाने करून. जागेवर बसून म्हणायला लावलेलं मैदानावर येत नाही.

श्वासाबद्दल एक छोटी सूचना. चिडलेल्या मुलाला “श्वास घे, श्वास घे” असं ओरडून सांगू नका. काही दिवसांत मुलं ‘श्वास घे’ हे शब्द ‘गप्प बस’ यांच्या जागी ऐकू लागतात, आणि मग ते साधन वाया जातं. श्वास रोज सकाळी, सगळे शांत असताना, एक मिनिट. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांब. तेवढं पुरे.

आणि प्रत्येक भांडणाचं असं करायचं नाही. ४२ मुलांत ते शक्य नाही आणि योग्यही नाही. पुष्कळ भांडणं मुलं आपली आपण मिटवतात, त्यात मोठ्यांनी गेलं की वाढतात. आठवड्यातली दोन निवडा. पुन्हापुन्हा होणारं एक आणि ज्यात कुणी एकटं पडलं असेल असं एक.

आता त्या मुलीकडे येते. मनात तीच जास्त राहिली आहे.

तुम्ही लिहिलंय की ‘मैत्री कशी करावी’ यावर तीच सगळ्यांत छान बोलते. बरोबर आहे. ती रोज त्याचाच विचार करत असणार. तिच्यात कौशल्याची कमतरता नाही, त्यामुळे तिला आणखी कौशल्यं शिकवून काही होणार नाही. उलट, ज्याला बाहेर ठेवलंय त्यालाच ‘तू कसं वागायला हवं’ हे शिकवलं की दोष त्याचा आहे असा निरोप त्याला आणि वर्गालाही जातो. या विषयाच्या नावाखाली होणारी ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. इथं बदलायचं आहे ते तिच्या भोवतालच्यांना.

फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ पासून हे मांडलं की छळात दोनच बाजू नसतात. छळणाऱ्याचे मदतनीस असतात, हसून साथ देणारे असतात, बाजूला उभे राहणारे असतात आणि थोडे बचावाला येणारे. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानांवर दूरवरून कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन लावून नोंदी केल्या, त्या २००१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा मध्ये पडली, तेव्हा ५७ टक्के वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! आपण तास आखतो, तक्ते लावतो, आणि बाजूला उभ्या असलेल्या एका मुलाच्या एका वाक्यात एवढं असतं.

या मुलीच्या बाबतीत मारहाण नाही, वगळणं आहे, ते जास्त शांतपणे होतं आणि दिसत नाही. पण इलाज तिथेच आहे. वर्गात दोन-तीन मुलं अशी असतील ज्यांचं बाकीचे ऐकतात आणि जी मनाने वाईट नाहीत. त्यांना एकेकट्याला बोलवा. त्या मुलीचं दुःख सांगून दया मागू नका, ते तिला कळलं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. एवढंच विचारा: “खेळात कुणी बाहेर राहतं का? मी तिथे नसते, तुला दिसत असेल.” आणि थांबा. मुलं सांगतात. मग विचारा, “तुला काय करता येईल?” एका मुलाला एक लहान काम. “उद्या खेळ सुरू होताना तू तिला हाक मार.” मोठं मन कर असं सांगायचं नाही, फक्त हाक मार.

आणि तुमच्या हातात आहे तेवढं आजपासून बदला. गट मुलांना निवडू देऊ नका. दोन कप्तान उभे करून एकेक नाव घ्यायला लावायचं, ही पद्धत कायमची बंद. शेवटी राहणाऱ्याला ते आयुष्यभर आठवतं. गट तुम्ही पाडा, चिठ्ठ्या टाका, काहीही करा. बसायच्या जागा दर पंधरवड्याला बदला.

त्याच्या पुढे जायचं असेल तर मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची युक्ती वापरा. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन शहरात शाळांमधला वंशभेद नुकताच कायद्याने संपवला होता, वेगवेगळ्या वर्णांची मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली होती आणि भांडणांना ऊत आला होता. त्यांनी मुलांना सद्‌वर्तनाचं भाषण दिलं नाही. धड्याचे तुकडे केले. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येकाकडे धड्याचा एकच तुकडा, आणि परीक्षा सगळ्या धड्यावर. आता ज्याच्याकडे तुम्ही बघतही नव्हता, त्याच्याकडचा तुकडा ऐकल्याशिवाय तुमचं भागत नाही. मुलं एकमेकांना ऐकू लागली, आणि नंतर एकमेकांना आवडूही लागली. तुमच्या परिसर अभ्यासाच्या धड्यांना हे सहज लावता येईल, वेगळा तास लागत नाही. तुमच्या त्या मुलीला बोलता छान येतं. तिच्याकडे असा तुकडा द्या की बाकीच्यांना तिच्याकडे यावंच लागेल.

हे सगळं करून महिन्याभरात तिच्यात फरक दिसला नाही, ती खायची-बोलायची कमी झाली, शाळेत यायला नको म्हणू लागली, तर हा वर्गाचा विषय राहत नाही. घरच्यांशी आणि समुपदेशकांशी बोलायला हवं. तसंच कुठल्याही मुलाने तासाला घरातल्या मारहाणीचं, नको त्या स्पर्शाचं किंवा जीव नकोसा झाल्याचं काही सांगितलं, तर तिथेच वर्गासमोर ते पुढे नेऊ नका आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचनही देऊ नका. “तू सांगितलंस हे फार बरं केलंस, आपण दोघं बोलू,” म्हणा आणि त्याच दिवशी शाळेत ज्यांच्यावर ही जबाबदारी आहे त्यांच्यापर्यंत पोचवा. म्हणूनच गोलात बसून ‘आज मला काय वाटतंय’ सांगायच्या वेळी ‘मला आज सांगायचं नाही’ म्हणायची मुभा प्रत्येकाला हवी, आणि त्यावर एकही प्रश्न नको.

एक गोष्ट राहून जाईल म्हणून इथेच लिहिते. शांत वर्ग हे या तासाचं उद्दिष्ट नाही. अन्याय झाल्यावर मुलाला राग आला तर तो राग बरोबर असतो. आपण जर रागावलेल्या प्रत्येक मुलाला शांत व्हायलाच शिकवलं, तर ते आपल्या सोयीचं शिक्षण होईल. तुमच्या मुलाला त्याचं म्हणणं पुन्हा, मोठ्याने, हात न उचलता मांडता यावं, आणि कुणी हसलं तरी मांडता यावं. त्यासाठी गुण, तारे, ‘आठवड्याचा प्रेमळ विद्यार्थी’ असलं काही नको. बक्षिसासाठी केलेली दया मुलं बरोबर ओळखतात.

आणि तुमचं ओरडणं.

तुम्ही ते लपवलं नाहीत, त्यामुळे मी सरळ लिहिते. कॅनडात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौथी ते सातवीच्या चारशेहून अधिक मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. ज्या वर्गांच्या शिक्षकांनी आपण थकून गेलोय असं सांगितलं होतं, त्या वर्गांतल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त निघालं. शिक्षक थकल्यामुळे मुलं ताणात, की ताणातल्या मुलांमुळे शिक्षक थकलेले, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. बहुधा दोन्ही. पण एक वर्ग म्हणजे एक घर असतं आणि त्यातलं कुणी एकटं थकत नाही.

स्वतः ओरडता आणि मुलांना ताबा ठेवायला शिकवता असं लिहिलंत, म्हणजे ‘कोणत्या तोंडाने शिकवू’ असाच तो प्रश्न आहे. त्याला माझं उत्तर: याच तोंडाने. एकदा एका मुलीने वही आणली नाही म्हणून मी वर्गासमोर तिला फार बोलले. संध्याकाळी कळलं की तिच्या घरी आदल्या दिवशी कुणी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच, कारण बोलले वर्गासमोर होते, मी म्हणाले, “काल मी ओरडले ते चूक होतं. मला आधी विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी मी आधी विचारीन.” ‘पण तूही’ वगैरे काही जोडलं नाही. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. आठवड्याभराने दोन मुलांचं भांडण झालं आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “मला आधी विचारायला हवं होतं.” माझेच शब्द. हे मी त्यांना कुठल्या तासाला शिकवलं नव्हतं.

तुम्हीही तुमचं जर-तर ठरवा आणि वर्गाला सांगा. “माझा आवाज चढायला लागला, तर मी खडू खाली ठेवीन आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहीन.” मग खरोखर जा. कधी जमणार नाही. तेव्हा ते कबूल करा. त्या खडूवर मुलांचं तक्त्यापेक्षा जास्त लक्ष असेल.

प्रगती कशी मोजायची, हे तुम्ही विचारलं नाही, पण मुख्याध्यापक विचारतील. भांडणं किती झाली हे मोजू नका, ती होतच राहणार. एका लहान वहीत तीन गोष्टी टिपा: कट्टी किती वेळ टिकली, हात उचलण्याआधी कुणी तुमच्याकडे आलं का, आणि तिसऱ्याच मुलाने येऊन कुणाची बाजू घेतली का. पूर्वी चार दिवस टिकणारी कट्टी दुसऱ्या दिवशी सुटली, तर तो आकडा मुख्याध्यापकांना नक्की दाखवा. पालकांना मात्र आकडे नकोत. त्यांना मुलांनी बांधलेलं एक जर-तर वाक्य कळवा आणि घरी तेच शब्द वापरा एवढं सांगा.

आता त्या मुलाकडे जा. आठवडा उलटला असला तरी उशीर झालेला नाही, मुलांना असे प्रसंग चांगले लक्षात असतात. त्याला बाजूला घेऊन आधी सांगा की तू मला खरं सांगितलंस ते मला आवडलं होतं, तेव्हा म्हणायचं राहून गेलं. मग विचारा, “तू त्याला राग आलाय म्हणून सांगितलंस. मग तो काय म्हणाला?” आणि तो काय सांगतो ते मला लिहून कळवा.